पाकिटावरचे नाव आणि गाठीतले काम

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला की विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनच्या पेरणीची लगबग सुरू होते. पेरणीच्या दिवशी सकाळी गुळाच्या पाण्यात काळपट भुकटी कालवली जाते, बियाण्याला हलक्या हाताने चोळली जाते आणि ते बियाणे सावलीत गोणपाटावर पसरले जाते. त्या भुकटीच्या पाकिटावर बहुधा एकच शब्द मोठ्या अक्षरात असतो : रायझोबियम. खाली पिकाचे नाव. पाकीट स्वस्त असते, म्हणून कुणी फार विचार न करता घेते. तर कुणी ‘मागच्या वर्षी लावले होते, काही फरक पडला नाही’ असे म्हणून घेतच नाही. या दोघांनाही न सांगितली गेलेली एक गोष्ट आहे. पाकिटावरचे नाव जिवाणूच्या घराण्याबद्दल काहीतरी सांगते. पण तो शेतात कोणते काम करील, याची हमी त्या नावात नसते. गेल्या ४०-५० वर्षांच्या जनुकशास्त्राने हे स्पष्ट केले आहे. शेतीच्या धोरणात मात्र ते अजून पुरेसे उतरलेले नाही.

प्रश्न लहान नाही. हवेत ७८ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन आहे. पण त्याच्या दोन अणूंची जोडी इतकी घट्ट असते की वनस्पतींना तो थेट वापरता येत नाही. ती जोडी कारखान्यात फोडायची तर शेकडो अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊ येथे हाबर-बॉश पद्धतीचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला आणि पुढे युरियाचे युग आले. आपल्याकडे ४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते, कारण खऱ्या खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरी उचलते. पिकाने न घेतलेला नत्र पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि नायट्रेटच्या रूपाने विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट असलेले पाणी वापरून बाळाचे दूध तयार केले, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. म्हणजे शेतातल्या नत्राचा हिशेब शेवटी घरातल्या पाण्याच्या हंड्यापर्यंत पोहोचतो.

हेच काम मातीतले काही जिवाणू साध्या तापमानाला, कसलाही गाजावाजा न करता करतात. कडधान्याच्या शेतात पुढचे पीक जोमदार येते, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ‘हरभऱ्याचा बेवड चांगला’ हे त्याचेच बोलीतले निदान. त्यामागचे कारण १८८० च्या दशकात जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी दाखवले. द्विदल पिकाच्या मुळांवर ज्या गाठी दिसतात, त्यांच्यामार्फत हवेतला नत्र पिकाला मिळतो. १८८८ मध्ये नेदरलँड्सच्या बायरिंक यांनी त्या गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. काही वर्षांतच त्याचे बाटलीबंद संवर्धक बाजारात आले. आजचे पाकीट त्याच परंपरेतले आहे.

हा सहवास एकतर्फी नाही. मुळे जमिनीत काही विशिष्ट रसायने सोडतात. ती ओळखणारा जिवाणू उलट आपली रासायनिक खूण पाठवतो. ती खूण पटली तर मुळावरचा केस वळतो, जिवाणूला आत घेतो आणि तिथे गाठ तयार होते. झाड जिवाणूला साखर पुरवते, जिवाणू झाडाला नत्र देतो. नत्र पकडणारे विकर प्राणवायूने निकामी होते. म्हणून झाड गाठीत आपल्या हिमोग्लोबिनचा एक भाऊबंद तयार करते. तो प्राणवायू धरून ठेवतो आणि बेतानेच सोडतो. त्यामुळे काम करणारी गाठ चिरली की आतून गुलाबी-लाल दिसते. पांढरी किंवा हिरवट गाठ दिसली तर तिथे जिवाणू राहतो, झाडाची साखर खातो, पण त्या वेळी नत्र देत नाही. एक टन सोयाबीन दाण्यांसाठी पिकाला सुमारे ८० किलो नत्र लागतो. युरियाच्या हिशेबात या जवळपास चार गोण्या होतात. गाठी गुलाबी आहेत की पांढऱ्या, यावर त्यातला किती भाग हवेतून फुकट मिळणार हे ठरते.

आता नावांकडे वळू. सुरुवातीच्या अभ्यासकांनी सोपा मार्ग धरला. जो जिवाणू ज्या पिकावर गाठी करतो, त्यावरून त्याची ओळख ठरवली. वाटाण्याचा एक, सोयाबीनचा दुसरा, चवळी-मूग-भुईमुगाचा तिसरा. सगळ्यांचे आडनाव एकच, रायझोबियम. शेतकऱ्यासाठी ही विभागणी सोयीची होती आणि पाकिटांवर ती आजही टिकून आहे. पण प्रयोगशाळेत जिवाणूंची जनुकीय अक्षरे वाचता येऊ लागली, तशी ही घराणी विस्कटली. सोयाबीनचा सावकाश वाढणारा जिवाणू वाटाण्याच्या जिवाणूपासून इतका दूरचा निघाला की १९८२ मध्ये त्याला ‘ब्रॅडीरायझोबियम’ असे वेगळे घर द्यावे लागले. हरभऱ्याचा जिवाणू १९९७ मध्ये ‘मेझोरायझोबियम’ झाला. २००१ मध्ये तर या साऱ्या गोतावळ्याशी फारसा संबंध नसलेल्या ‘बर्खोल्डेरिया’ या वंशातले जिवाणूही द्विदल झाडांवर गाठी करतात, हे समोर आले. म्हणजे सोयाबीनच्या आणि हरभऱ्याच्या पाकिटावर ‘रायझोबियम’ छापले असेल, तर शास्त्राच्या दृष्टीने ते जुने आडनाव आहे.

उलट, जे जवळचे नातलग निघाले त्यांची यादी चकित करणारी आहे. रायझोबियमचा सख्खा म्हणावा असा शेजारी ‘ॲग्रोबॅक्टेरियम’. तो झाडांच्या खोडामुळांवर गाठोळ्या उठवणारा रोगजंतू आहे. झाडाच्या पेशीत आपली जनुके घुसवण्याची त्याची हातोटी शास्त्रज्ञांनी उचलली आणि तिच्याच आधारे बीटी कापसातील पहिले जनुक कापसाच्या झाडात घातले गेले. त्याच मोठ्या कुळात थोडा दूरचा नातलग आहे ‘ब्रुसेला’. कच्च्या दुधातून किंवा बाधित जनावराच्या प्रसूतीच्या वेळी माणसाला लागण होऊन चढ-उतार होत राहणारा ताप आणणारा हा जंतू गोठ्यात काम करणाऱ्यांना आणि पशुवैद्यकांना परिचित आहे. एकाच कुळात एक पिकाला पोसतो, दुसरा झाडाला आजारी पाडतो, तिसरा माणसाला तापाने झोपवतो. पाकिटातला जिवाणू माणसाला अपाय करत नाही, हे लगेच सांगितले पाहिजे. पण नात्यावरून स्वभाव ठरवू नये, हा धडा इथे मिळतो. २०२० मध्ये सहसा निरुपद्रवी असलेल्या ‘ओक्रोबॅक्ट्रम’ या मातीतल्या जिवाणूंना ब्रुसेलाच्या वंशात सामावून घेण्याची मांडणी झाली. तेव्हा वैद्यकीय क्षेत्रातून तीव्र आक्षेप आले. वंशावळ मिळती असली तरी एकाचा अहवाल आला तर रुग्णावर करायचे उपचार आणि प्रयोगशाळेत घ्यायची काळजी वेगळी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नाव हे केवळ पुस्तकातले लेबल नसते. त्यावर निर्णय घेतले जातात.

मग एकाच कुळात स्वभाव इतके वेगळे कसे? आणि दूरदूरच्या कुळांत काम एकच कसे? याचे उत्तर जिवाणूंच्या वारशात आहे. माणसाला जनुके आई-वडिलांकडून मिळतात. जिवाणूला ती दोन वाटांनी मिळतात. घर चालवणारी मूळ जनुके पिढीजात येतात; त्यांवरून खरी वंशावळ लिहिता येते. गाठ बांधण्याची आणि नत्र पकडण्याची जनुके मात्र पुष्कळदा वेगळ्या गाठोड्यात असतात. कधी ‘प्लास्मिड’ नावाच्या सुट्या वर्तुळात, तर कधी गुणसूत्रात शिरलेल्या पण उचलून नेता येण्याजोग्या तुकड्यात. हे गाठोडे एक जिवाणू शेजारच्या दुसऱ्या जिवाणूला देऊ शकतो. वंश त्याचा त्याचाच राहतो, धंदा मात्र नवा मिळतो. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या जॉन इनेस संस्थेतल्या संशोधकांनी वाटाण्याच्या जिवाणूतले असे प्लास्मिड दुसऱ्या पिकांच्या जिवाणूंत घातले आणि ते जिवाणू वाटाण्यावर गाठी करू लागले.

हे प्रयोगशाळेपुरते नव्हते. न्यूझीलंडच्या ओटागो भागात एका कुरणात ‘लोटस’ हे चाऱ्याचे द्विदल पीक एकाच जिवाणूचे संवर्धक लावून पेरले होते. त्या मातीत त्या पिकावर गाठी करणारा स्थानिक जिवाणू नव्हता. सात वर्षांनी गाठी तपासल्या तेव्हा आत अनेक वेगवेगळ्या वंशांचे जिवाणू सापडले. त्यांची मूळ जनुके एकमेकांपासून वेगळी होती, पण गाठीची जनुके हुबेहूब पेरलेल्या जिवाणूची. सुमारे पाच लाख अक्षरांचा तो तुकडा, ज्याला संशोधकांनी ‘सहजीवनाचे बेट’ म्हटले, मातीतल्या मूळ रहिवाशांनी पाहुण्याकडून घेतला होता. ओटागो विद्यापीठाच्या सलिव्हन, रॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९५ आणि १९९८ मध्ये हे प्रसिद्ध केले.

आपल्या हरभऱ्याचीही गोष्ट हीच आहे. २०१९ मध्ये भारतासह अनेक देशांतल्या हरभऱ्याच्या गाठींतील जिवाणूंचे १ हजार २७ जनुकसंच वाचून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हरभऱ्यावर गाठी करणारे जिवाणू मेझोरायझोबियमच्या अनेक वेगवेगळ्या शाखांतले निघाले. पण सहजीवनाची गाठोडी त्यांच्यात सामाईक होती. दोन जिवाणूंमधली ही गाठोडी एकमेकांच्या किती जवळची, हे त्यांच्या वंशाइतकेच त्यांच्यामधल्या भौगोलिक अंतरावर अवलंबून होते. सोप्या शब्दांत, धंद्याची विद्या भावकीतून येते तशीच शेजारातूनही येते.

इथवर ही निसर्गाची किमया वाटते. तिची दुसरी बाजू ऑस्ट्रेलियात दिसली. पश्चिम ऑस्ट्रेलियात भूमध्य समुद्राच्या परिसरातून ‘बिसेरूला’ नावाचे चाऱ्याचे पीक आणले गेले आणि त्याबरोबर उत्तम नत्र देणारा निवडक जिवाणूही. सहाच वर्षांनी त्या शेतांतल्या गाठींत असे स्थानिक जिवाणू आढळले, ज्यांनी गाठ बांधण्याची जनुके पाहुण्याकडून उचलली होती, पण नत्र देण्यात ते कमी पडत होते; काही तर अजिबात देत नव्हते. दाराची किल्ली मिळाली, कामाची सवय मात्र आली नाही. झाडावर गाठी भरपूर दिसतात आणि पीक तरी पिवळे राहते, हे अशा वेळी घडू शकते.

त्याला जोडून जुनी अडचण आहे ती स्पर्धेची. मातीत ज्यांची वस्ती आधीच दाट आहे आणि जे त्या मातीच्या उष्णतेला, क्षारांना, कोरडेपणाला सरावलेले आहेत, ते गाठींच्या जागा आधी पटकावतात. पाकिटातला निवडक जिवाणू प्रयोगशाळेत कितीही कर्तबगार असला तरी शेतात त्याच्या वाट्याला थोड्याच गाठी येतात. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम पट्ट्यात सोयाबीनच्या शेतांत हा अनुभव अनेक दशके येत आहे. आपल्याकडे तूर, मूग, हरभरा ही पिके हजारो वर्षांची आहेत. त्यांचे जिवाणू मातीत मुरलेले आहेत. सोयाबीन मोठ्या प्रमाणावर आले ते १९७० नंतर. तरीही भारतीय मातीतल्या सोयाबीनच्या गाठींत ‘ब्रॅडीरायझोबियम युआनमिंगेन्स’ हा जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळला आहे. २००२ मध्ये चीनमध्ये एका वेगळ्याच द्विदल झाडावरून त्याचे पहिले वर्णन झाले होते. पाठ्यपुस्तकात सोयाबीनचा म्हणून सांगितला जातो तो ‘जपोनिकम’. शेतातले वास्तव वेगळे असू शकते. त्यामुळे ‘लावले, पण फरक पडला नाही’ ही शेतकऱ्याची तक्रार अज्ञानातून आलेली आहे, असे कृषी विस्ताराने मानू नये. पुष्कळदा ती मातीतल्या स्पर्धेचे अचूक निरीक्षण असते.

याचा अर्थ जिवाणू संवर्धक निरुपयोगी, असा काढणे चूक ठरेल. ब्राझीलने याच जिवाणूंच्या जोरावर जगातली सर्वांत मोठ्यांपैकी एक सोयाबीन शेती जवळपास नत्रखताविना उभी केली. योहाना डोबेराइनर यांच्यापासून तिथल्या शास्त्रज्ञांनी दशकानुदशके स्थानिक मातीत टिकणारे वाण निवडले, त्यांना ओळखक्रमांक दिले, त्यांच्या शेतावर चाचण्या घेतल्या आणि शेतकऱ्यांना दर हंगामात पुन्हा जिवाणू लावण्याची सवय लावली. याच कामासाठी मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सोयाबीनच्या संवर्धकांतला एक नामांकित वाण यूएसडीए-११० हा जपोनिकमपेक्षा वेगळी प्रजाती आहे, हे २०१३ मध्ये दाखवणाऱ्या संशोधनातही त्या होत्या. नवे नाव मिळाले ‘डायझोएफिशिएन्स’, म्हणजे नत्र पकडण्यात कार्यक्षम. पाकिटात नेमके कोण आहे हे ज्या देशाने पाहिले, त्याच देशाला पाकिटाचा लाभ झाला, हा योगायोग नाही.

आपल्याकडे जिवाणू खते २००६ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आहेत. भुकटीच्या पाकिटात ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरमागे किमान १० कोटी जिवंत रायझोबियम असावेत, भेसळ नसावी, सामू आणि ओलावा ठराविक असावा, सांगितलेल्या पिकावर गाठी याव्यात, असे निकष आहेत. ते हवेतच. पण भर मोजणीवर आहे, आणि मोजणीने फक्त जिवाणू जिवंत आहे एवढे कळते. तो मूळ निवडलेला वाणच आहे की उत्पादनाच्या वर्षानुवर्षांच्या चक्रात दुसऱ्याच कुणी त्याची जागा घेतली, हे मोजणीतून कळत नाही. गाठ येणे आणि नत्र मिळणे यांतले अंतर ऑस्ट्रेलियाने दाखवलेच आहे. आज जनुकीय ओळख पटवण्याची चाचणी पूर्वीसारखी महाग वा दुर्मीळ राहिलेली नाही. तेव्हा तीन गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. पाकिटावर वाणाचा नेमका क्रमांक सक्तीने छापावा आणि नमुना-तपासणीत त्याची जनुकीय ओळख पडताळावी. तपासणी करताना वंश दाखवणारी जनुके आणि सहजीवनाची जनुके, दोन्ही पाहावीत. आणि कृषी विद्यापीठांनी काळ्या, मुरमाड, क्षारपड अशा आपापल्या पट्ट्यांतल्या मातीत कोणते जिवाणू आधीच राहतात याची नोंद करून, त्यांच्यातूनच कर्तबगार वाण निवडावेत. दिल्लीत किंवा परदेशात निवडलेला एकच वाण यवतमाळच्या आणि सोलापूरच्या मातीत सारखाच चालेल, हे गृहीत धरण्याला आता शास्त्राचा आधार उरलेला नाही.

शेतकऱ्याला त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. बुरशीनाशक आणि कीटकनाशक आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरायचे. उन्हात तापलेल्या दुकानातले किंवा मुदत संपलेले पाकीट घ्यायचे नाही. एवढ्या काळजीने निम्मे नुकसान जागीच टळू शकते. शेतात एखादी पट्टी मुद्दाम जिवाणू न लावता पेरली, तर तुलना आपोआप होते. आणि फुलोऱ्याच्या सुमारास दोन्हीकडची चार-दोन रोपे हलकेच खणून, मुळे धुऊन, गाठी नखाने किंवा ब्लेडने चिराव्यात. आतला रंग गुलाबी असेल तर कामगार कामावर आहेत. पांढरा असेल तर पाहुणचार चालू आहे आणि काम बंद आहे. अशा वेळी गाठींची संख्या पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही. ही पाहणी फोनवर फोटो काढून कृषी साहाय्यकाला दाखवली, गावातल्या दहा शेतांची नोंद एका वहीत झाली, तर तो कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाचा पुरावा ठरेल.

जिवाणूंच्या दुनियेत आडनाव एका वाटेने येते आणि हुन्नर दुसऱ्या वाटेने. पाकीट विकणाऱ्याने, तपासणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने आता हुन्नराची चौकशी सुरू करायला हवी. पुढच्या हंगामात पाकीट हातात घेताना ‘यात जिवाणू किती?’ या प्रश्नाबरोबर ‘यात नेमका कोण आणि आमच्या मातीत तो काम करतो का?’ हा प्रश्न दुकानदाराला विचारला गेला, तर उत्तर देण्याची तयारी वरपर्यंत करावीच लागेल.